इंग्लंडमधील जुने फार्महाऊस बागेसह विकत घेताना काय तपासावे

इंग्लंडमधील जुन्या फार्महाऊसच्या विक्रीच्या जाहिरातीतील छायाचित्रे बहुधा जून महिन्यातील असतात. मधाच्या रंगाच्या दगडी भिंतीवर गुलाब चढलेला असतो, फळबागेतील गवत कापलेले असते आणि स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून फरशीवर ऊन पडलेले असते. ती छायाचित्रे खोटी नसतात. परंतु घर खरोखर घ्यायचे असेल तर तेच घर फेब्रुवारीतल्या पावसात, पन्हळी वाहत असताना, एकदा तरी पाहावे.

मराठीत फार्महाऊस म्हटले की सुट्टीपुरते वापरायचे, हौसेने बांधलेले घर डोळ्यांसमोर येते. येथे ज्याविषयी लिहीत आहे ते शेतकरी कुटुंबाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे राहते घर आहे. केंटमध्ये ते ओकच्या लाकडी सांगाड्याचे असते, कॉट्सवोल्ड्समध्ये चुनखडीच्या दगडाचे, नॉरफोकमध्ये चकमकीच्या दगडाचे आणि विटांचे, तर डेव्हनमध्ये कॉबचे, म्हणजे माती आणि काड तुडवून उभारलेल्या जाड भिंतींचे असते. त्याची मूळ शेतजमीन बहुतेकदा केव्हाच शेजारच्या मोठ्या शेतात गेलेली असते आणि घर, आवार, एखादे धान्याचे कोठार, बाग व दोन-चार एकर कुरण एवढेच विक्रीला येते. असे घर घेणाऱ्याने एक गोष्ट आरंभीच मनाशी पक्की करावी: आधीच्या मालकांनी तेथे जे जे केले, विशेषतः गेल्या साठ-सत्तर वर्षांत, ते सर्व खरेदीबरोबर आपल्या पदरी येते. पुढची सारी तपासणी याच दृष्टीने करायची आहे.

वारसा यादीतील नोंद

घर पाहायला जाण्यापूर्वी हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था सांभाळत असलेली ‘नॅशनल हेरिटेज लिस्ट फॉर इंग्लंड’ ही वारसा यादी उघडावी. ती संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. १७०० पूर्वी बांधलेल्या आणि मूळ स्वरूपाच्या थोड्याफार जवळ राहिलेल्या इमारती या यादीत असण्याची दाट शक्यता असते आणि १७०० ते १८५० या काळातील बहुतेक इमारतीही तेथे सापडतात. ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू असे तीन वर्ग आहेत. दहापैकी नऊहून अधिक नोंदी ग्रेड टूच्या असतात. ग्रेड टू म्हणजे बंधने सौम्य, असा समज मात्र करून घेऊ नये. तिन्ही वर्गांना १९९० चा एकच कायदा लागू होतो आणि इमारतीच्या वैशिष्ट्यात फरक पडेल अशा कोणत्याही कामाला स्थानिक नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे बहुधा स्थानिक परिषदेची, ‘लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट’ ही लेखी संमती लागते.

हे संरक्षण फक्त दर्शनी भागापुरते आहे असेही अनेकांना वाटते. वस्तुतः आतील जिना, लाकडी पार्टिशन, चुलाण्याभोवतीचे दगड, दारांच्या बिजागऱ्या, सर्व काही त्यात येते. यादीतील वर्णनात एखाद्या गोष्टीचा उल्लेख नसला, तरी केवळ तेवढ्याने ती मोकळी होत नाही. इतकेच नव्हे, तर घराच्या आवारात १ जुलै १९४८ पूर्वीपासून उभ्या असलेल्या आणि घराशी जोडल्या गेलेल्या वास्तू, म्हणजे डुकरांचा गोठा, भाजीपाल्याच्या बागेची भिंत किंवा आवाराचे दगडी खांब, हेही सामान्यतः त्याच संरक्षणाखाली येतात.

आता त्या नोंदीची छापील प्रत हातात घेऊन घरासमोर उभे राहावे. नोंदीवर इमारत यादीत आल्याची तारीख असते. वर्णनात वरच्या मजल्यावर बारा काचांच्या तीन लाकडी सरकत्या खिडक्या लिहिलेल्या असतील आणि डोळ्यांसमोर दोन लाकडी व एक प्लॅस्टिकच्या चौकटीची खिडकी दिसत असेल, तर ती तिसरी खिडकी नोंदीनंतर बदलली गेली आहे. तिची संमती होती का, हा प्रश्न विक्रेत्याला विचारलाच पाहिजे. विनासंमती काम करणे हा फौजदारी गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा अमर्याद दंड होऊ शकतो. तो गुन्हा काम करणाऱ्याचा. नवा मालक त्यासाठी गुन्हेगार ठरत नाही. परंतु ते काम पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकावर बजावली जाते आणि तिला कालमर्यादा नाही. साध्या नियोजनभंगाला दहा वर्षांनंतर जे अभय मिळते, ते सूचीबद्ध, म्हणजे वारसा यादीतील, इमारतीवरील विनासंमती कामाला कधीच मिळत नाही.

येथे घाईने पाऊल टाकू नये. अशी शंका आली की अनेक जण सरळ स्थानिक परिषदेला फोन करतात. विक्रेत्याचा वकील अशा प्रसंगी बहुधा नुकसानभरपाईचा विमा देऊ करतो आणि परिषदेशी आधीच संपर्क झालेला असल्यास तो विमा सहसा मिळत नाही. म्हणून आधी आपल्या वकिलाशी बोलावे, मग ठरवावे. माझे मत विचाराल तर त्या विम्याने फक्त पैशाची बाजू सांभाळली जाते. घरात मोठे फेरफार विनासंमती झालेले असतील, तर विक्रेत्यानेच संमती मिळवून मग विक्री करावी असा आग्रह धरणे अधिक चांगले. संमतीच्या अर्जाला शुल्क नाही आणि निर्णयासाठी साधारण आठ आठवड्यांची मुदत असते.

भिंत वाचायला शिकावे

जुन्या घराची भिंत आजच्या भिंतीसारखी पाणी अडवत नाही. ती पाणी घेते आणि सोडते. तिच्यात पोकळी नसते, जोत्याशी ओल रोखणारा थर नसतो. दगड किंवा मऊ वीट, मध्ये चुन्याचा मसाला आणि वर चुन्याचाच गिलावा, अशी ती रचना असते. पावसाने भिजलेली भिंत वारा सुटला की चुन्याच्या सांध्यांतून वाळते. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये घेतले गेले, परंतु खेडोपाडीच्या घरांच्या दुरुस्तीत सिमेंट सर्रास शिरले ते विसाव्या शतकात, आणि तेव्हापासून चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्त्यांनीच कितीतरी घरे ओली झाली आहेत.

हे पाहण्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. भिंतीच्या पायथ्याशी, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतचा भाग अगदी जवळून, हात लावून पाहावा. सांध्यांमधला मसाला करडा, कठीण आणि दगडाच्या पुढे आलेला असेल व दगड मात्र आत झिजत गेला असेल, तर सांधे सिमेंटने भरलेले आहेत. विटांच्या भिंतीत हेच दृश्य अधिक ठळक दिसते: विटांचे तोंड पापुद्रे सुटून गळून पडलेले असते आणि सिमेंटची जाळी पोळ्याच्या कडांसारखी उभी राहिलेली असते. पाण्याला सांध्यातून वाट मिळाली नाही, म्हणून त्याने विटेतून वाट काढली आणि थंडीत गोठताना विटेचे तोंड फोडले. चुन्याचा सांधा मऊ, पांढरट आणि भिंतीच्या किंचित आत असतो. तो झिजतो आणि काही दशकांनी पुन्हा भरावा लागतो. भिंत वाचावी म्हणून सांध्याने झिजायचे, असा तो व्यवहार आहे.

कॉबच्या घरांत हा प्रश्न जिवावर बेततो. कॉबच्या घराला चांगली टोपी आणि चांगले बूट हवेत, असे डेव्हनमध्ये म्हणतात. म्हणजे वर भक्कम छत आणि खाली दगडी जोते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिला की बारीक तड्यांतून आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही, पायथ्याची माती भिजत जाते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत एके दिवशी बसते. त्यामुळे कॉबवर सिमेंट दिसले तर तो गिलावा उतरवून पुन्हा चुन्याचा करण्याचा खर्च किमतीतून वजा धरूनच बोलणी करावीत.

खोलीतल्या भिंतीवर ओल दिसली की ‘जमिनीतून वर चढलेली ओल’ असे निदान पटकन केले जाते आणि भिंतीत रसायन भरण्याचा सल्ला मिळतो. भिंतीला टोचून विजेने ओल मोजणारे उपकरण क्षारांनाही ओल समजते, हे लक्षात ठेवावे. रसायनाचा विचार करण्याआधी बाहेर जाऊन पाहावे: पन्हळ तुंबली आहे का, पाऊसनळी फुटली आहे का, फुलझाडांच्या वाफ्याची माती किंवा काँक्रीटचा पट्टा आतल्या फरशीपेक्षा वर आला आहे का. बहुतेक वेळा कारण तेथेच सापडते आणि उपाय फावड्याने होण्याजोगा असतो.

लाकडाचे तसेच. ओकच्या तुळईत सुमारे ३ मिलीमीटरची भोके दिसली तर तो डेथवॉच बीटल नावाच्या किड्याचा माग असतो. भोके जुनी, कडा काळवंडलेल्या आणि लाकूड कोरडे असेल तर घाबरण्याचे कारण नाही. खाली ताजा, फिकट भुसा पडला असेल तर मात्र वर कुठेतरी पाणी झिरपते आहे असे समजावे, कारण हा किडा ओलसर लाकडात फोफावतो. गवताच्या छपराच्या बाबतीत सर्वात वरची कड दर १० ते १५ वर्षांनी नव्याने करावी लागते. ती शेवटची केव्हा झाली आणि धुराडे केव्हा साफ केले, याच्या पावत्या मागाव्यात. विमा कंपनीही त्या मागते.

ही सारी पाहणी आपली. त्यानंतर रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्सच्या मानकांप्रमाणे तिसऱ्या स्तराची, म्हणजे सर्वात सविस्तर पाहणी करून घ्यावी आणि ती जुन्या इमारतींचा अनुभव असलेल्याच सर्वेक्षकाकडून करून घ्यावी. ज्याला नव्या घरांचीच सवय आहे, तो चुन्याच्या भिंतीलाही सिमेंटचेच औषध सुचवील. विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेली ‘सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज’ ही संस्था अशा दुरुस्त्यांविषयी साधे, उपयुक्त मार्गदर्शन देते आणि घरमालकांसाठी प्रशिक्षणही घेते. घर घेण्याआधीच त्यांचे लेखन वाचून काढावे. पाहणीचा अहवाल मग नीट समजतो.

छपराच्या पोकळीत वटवाघळे असण्याची शक्यता मोठी असते. सर्व जातींची वटवाघळे आणि त्यांची वस्तीस्थाने कायद्याने संरक्षित आहेत, वस्ती त्या क्षणी रिकामी असली तरीही. संध्याकाळी बाहेर पडणारी वटवाघळे मोजण्याची पाहणी उन्हाळ्याच्या महिन्यांतच होते. ऑक्टोबरमध्ये घर ताब्यात घेऊन नाताळात छप्पर उघडण्याचा बेत म्हणूनच बहुधा तडीस जात नाही.

पिण्याचे पाणी आणि सांडपाणी

अनेक फार्महाऊस सार्वजनिक गटारवाहिनीला जोडलेली नसतात. सेप्टिक टाकीतून सांडपाणी थेट ओढ्यात किंवा नाल्यात सोडण्याला आता परवानगी नाही. जुन्या टाक्या १ जानेवारी २०२० पर्यंत बदलणे अपेक्षित होते. तरीही ज्या बदलल्या गेल्या नाहीत अशा टाक्या विक्रीला येतात. टाकी कुठे आहे, तिचे पाणी मुरण्याचे क्षेत्र आपल्याच जमिनीत आहे की शेजाऱ्याच्या कुरणात, हे जागेवर जाऊन दाखवायला सांगावे. पिण्याचे पाणी स्वतःच्या विहिरीचे किंवा झऱ्याचे असेल तर स्थानिक परिषदेकडून त्याची तपासणी मागता येते; एकाच घराला पाणी पुरवणाऱ्या स्रोताची तपासणी कोणी आपणहून करत नाही. दिवसाला २० घनमीटरपेक्षा कमी पाणी काढण्यास परवाना लागत नाही.

बाग नेमकी कुठे संपते

बाग पाहताना मन सर्वात आधी हरवते आणि कागदावर सर्वात मोठी गफलतही येथेच सापडते. नियोजनाच्या दृष्टीने घराची बाग आणि शेतजमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ बागेपलीकडच्या कुरणात कोणी हिरवळ केली, टेनिस कोर्ट केले, फुलांचे वाफे घातले, तर तो जमिनीच्या वापरातील बदल ठरतो आणि त्याला परवानगी लागते. अशी परवानगी नसेल आणि दहा वर्षेही झालेली नसतील, तर ती सुंदर हिरवळ पुन्हा कुरण करण्याचा आदेश नव्या मालकाला मिळू शकतो.

हे ओळखण्याचा माझा सर्वात आवडता मार्ग जुन्या नकाशांचा आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे एका मैलाला २५ इंच या मापाचे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात आणि त्यांत इंग्लंडही आहे. त्यावर फळबागेतील झाडे छोट्या चिन्हांनी, विहीर एका अक्षराने, कुंपणाची प्रत्येक रेघ स्वतंत्र दाखवलेली असते. तो नकाशा, आजचे उपग्रहचित्र आणि एचएम लँड रजिस्ट्री या सरकारी जमीन-नोंदणी खात्याचा मालकी नकाशा असे तिन्ही शेजारी ठेवावेत. जुन्या नकाशात जेथे कुंपणाची रेघ आहे आणि आज जेथे सलग हिरवळ दिसते, तेथे प्रश्न विचारायचा. मालकी नकाशावरची लाल रेघ सर्वसाधारण सीमा दाखवते, इंचाइंचाची नाही. म्हणून कुंपण कोणाचे आणि त्याची डागडुजी कोणी करायची, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. घर कित्येक दशके एकाच कुटुंबात असेल तर त्याची नोंदणीच झालेली नसण्याचाही संभव असतो. संपूर्ण इंग्लंडमध्ये विक्रीच्या वेळी नोंदणी सक्तीची झाली ती १ डिसेंबर १९९० पासून. अशा वेळी जुन्या खरेदीखतांची गठडी वकिलाने ओळ न्‌ ओळ वाचावी लागते. त्या घराविषयी अधिक जाणून घ्यायचे असेल तर लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात १९४१ ते १९४३ च्या राष्ट्रीय शेती पाहणीची कागदपत्रे आहेत. त्यांत शेतागणिक, घर कोणत्या अवस्थेत होते, पाणी कुठून येत होते, वीज होती की नाही, हेही नोंदवलेले सापडते. एखाद्या थंड दुपारी तो कागद हाती घेऊन, आपण घेणार असलेल्या घराची ऐंशी वर्षांपूर्वीची अवस्था वाचण्यात निराळाच आनंद आहे, आणि अनेकदा ‘मूळची’ म्हणून सांगितलेली गोष्ट तेव्हा नव्हतीच हेही कळते.

आवारातून सार्वजनिक पायवाट जात असेल तर ती काउंटी परिषदेच्या अधिकृत नकाशावर असते आणि आपल्या मर्जीने ती बंद करता येत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून अनोळखी माणसे जाणार, हे आवडणार नसेल तर ते घर आपले नाही. उलट, घराकडे येणारा रस्ता दुसऱ्याच्या जमिनीतून असेल तर वहिवाटीचा लेखी हक्क पाहावा, त्यात दुरुस्तीचा वाटा कोणाचा हेही पाहावे.

झाडांसाठी संरक्षण आदेश आहेत का, हे परिषदेकडे विचारावे. घर संवर्धन क्षेत्रात, म्हणजे जुन्या वास्तूंचे वैशिष्ट्य जपण्यासाठी ठरवलेल्या परिसरात असेल, तर जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ७५ मिलीमीटरपेक्षा जाड खोडाचे झाड तोडण्यापूर्वी किंवा छाटण्यापूर्वी परिषदेला सहा आठवड्यांची सूचना द्यावी लागते. सूचीबद्ध घराच्या आवारात साध्या शेडलाही नियोजन परवानगी लागते. खरेदीबरोबर मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत सूर्यघड्याळ, दगडी कुंड्या, काचघर यांचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा; ताबा घेताना हिरवळीवर फक्त गोल डाग उरल्याचे पाहणे फार क्लेशकारक असते.

खुद्द झाडाझुडपांविषयी एवढेच सांगेन की पहिले वर्षभर काही उपटू नये. फेब्रुवारीत स्नोड्रॉप्स कुठे उगवतात, दक्षिणमुखी भिंतीवरचे नासपतीचे झाड कसे फुलते, सकाळचे दहिवर कोणत्या खळग्यात सर्वात उशिरा वितळते, हे बागेने दाखवू द्यावे. माती खडूमिश्रित आहे की चिकण, हे शेजारपाजारच्या बागांवरून कळते. १९२७ पासून चालत आलेल्या नॅशनल गार्डन स्कीममधून खासगी बागा ठरावीक दिवशी लोकांसाठी खुल्या होतात. त्या परिसरातील दोन-तीन बागा अवश्य पाहून याव्यात.

पैसे आणि करार

इंग्लंडमध्ये किंमत मान्य झाली म्हणजे व्यवहार झाला असे नाही. करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही माघार घेऊ शकतो, विक्रेता अधिक बोली स्वीकारूही शकतो. म्हणून पाहणी, वकिलाने करायची नोंदींची तपासणी आणि कर्जाची मंजुरी हे सारे अदलाबदलीआधी आटोपावे. त्या वेळी सहसा १० टक्के इसार द्यावा लागतो. प्रचलित प्रमाण अटींनुसार त्याच क्षणापासून घराची जोखीम खरेदीदाराकडे येते. त्यामुळे विमा त्या दिवसापासून हवा, ताबा मिळण्याच्या दिवसापासून नव्हे. लिलावात मात्र हातोडा पडताच करार बांधतो.

मुद्रांक शुल्काचे एक उदाहरण घेऊ. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ९ लाख पाउंडांच्या घराला ३५,००० पाउंड शुल्क पडते. जगात कुठेही आपल्या नावावर दुसरे घर असेल आणि हे घर आपल्या मुख्य निवासाची जागा घेत नसेल, तर संपूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार लागून ते ८०,००० होते. खरेदीदार ब्रिटनचा रहिवासी नसेल तर आणखी २ टक्के, म्हणजे एकूण ९८,०००. कुरणाचा खरोखर व्यावसायिक शेतीसाठी वापर होत असेल तर संमिश्र, म्हणजे निवासी आणि बिगरनिवासी मिळून असलेल्या, मालमत्तेचे दर लागू होतात आणि हीच रक्कम ३४,५०० वर येते. परंतु घोड्यांसाठी ठेवलेले घराचे कुरण तेवढ्याने पुरत नाही आणि महसूल खाते असे दावे बारकाईने तपासते. विवरणपत्र ताबा मिळाल्यापासून १४ दिवसांत भरावे लागते.

दुरुस्तीवर २० टक्के मूल्यवर्धित कर गृहीत धरावा. सूचीबद्ध घरातील मंजूर फेरफारांना पूर्वी मिळणारी सूट १ ऑक्टोबर २०१२ पासून बंद झाली. घर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ रिकामे असेल तर बहुतेक कामावर ५ टक्के दर मिळू शकतो, मात्र रिकामे असल्याचा पुरावा काम सुरू होण्याआधीच परिषदेकडून घेऊन ठेवावा.

शेवटी दोन अटी करारात आणि नियोजनाच्या कागदपत्रांत शोधाव्यात. किंमत आसपासच्या घरांपेक्षा डोळ्यांत भरण्याइतकी कमी असेल, तर त्या घरात शेतीवर काम करणाऱ्यानेच राहावे अशी नियोजनाची अट असू शकते आणि त्यावर कर्जही सहज मिळत नाही. दुसरी अट विक्रेत्याच्या भावी वाट्याची: पुढे कोठाराचे घरात रूपांतर करण्याची परवानगी मिळाल्यास वाढलेल्या मूल्याचा हिस्सा त्याला द्यावा लागतो. कोठार मोडकळीला आलेले असेल आणि ते वाचवण्याचा एकमेव मार्ग त्याला वापरात आणणे हाच असेल, तर या हिश्शाचे प्रमाण आणि मुदत यांवर करारपत्रांच्या अदलाबदलीपूर्वीच बोलून घ्यावे.